वहीतील गाळलेली पायरी

गणिताच्या वह्या तपासावयास घेतल्या म्हणजे अलीकडे आम्हास आनंदापेक्षा चिंताच अधिक वाटू लागली आहे. वह्या अशुद्ध असतात म्हणून नव्हे; त्या फार शुद्ध असतात म्हणून! उत्तरे सर्वांची बरोबर, पायऱ्या सर्वांच्या त्याच, आणि एखादे चिन्ह चुकलेच तर ते दहा वह्यांत एकाच ओळीत चुकलेले. गाईड आणि मोबाईल ह्या दोन गुरूंनी आमचे काम किती हलके केले आहे!

परवा दहावीच्या वर्गास आम्ही पुढील उदाहरण घरी करावयास दिले होते. एका आयताकृती अंगणाची लांबी रुंदीपेक्षा 7 मीटरने अधिक असून त्याचा कर्ण 13 मीटर आहे. तर लांबी व रुंदी काढा. एका विद्यार्थ्याने ते निर्दोष सोडविले होते. रुंदी क्ष मानून त्याने शेवटी क्ष = 5 किंवा क्ष = −12 असे लिहिले, आणि −12 पुढे 'त्याज्य' हा शब्द. आम्ही विचारले, "बाळ, ही किंमत त्याज्य का?" क्षणभर थांबून तो म्हणाला, "सर, ऋण आलेली किंमत सोडायचीच असते." रुंदी ऋण असू शकत नाही, हे साधे कारण अंगणात उभ्या असलेल्या कोणासही सुचावे, परंतु ह्या मुलाच्या मनात अंगण कधी आलेच नव्हते.

त्याच्याच शेजाऱ्याची वही खाडाखोडीने भरलेली होती. त्याने (क्ष + 7)² = क्ष² + 49 असे मांडले. त्यामुळे 2क्ष² + 49 = 169, म्हणून क्ष² = 60; येथवर येऊन तो अडला आणि खाली प्रामाणिकपणे लिहिले, "पुढे येत नाही." आम्हास विचाराल तर त्या दिवशीचा उत्तम गृहपाठ हाच. कारण पाऊल कोठे घसरले ते दिसत होते, आणि जे दिसते ते दुरुस्त करिता येते. फळ्यावर आम्ही क्ष + 7 बाजूचा चौरस काढला. त्यात क्ष² चा एक चौरस, 49 चा एक, आणि उरलेल्या दोन पट्ट्या प्रत्येकी 7क्ष च्या. "ह्या दोन पट्ट्या कोठे गेल्या?" असे विचारताच तो हसला. मग 14क्ष आपल्या जागी येऊन बसले, सर्व पदांस 2 ने भागून क्ष² + 7क्ष − 60 = 0 झाले, त्याचे अवयव (क्ष + 12)(क्ष − 5) पडले, आणि रुंदी 5 व लांबी 12 मीटर निघाली. त्यास आणखी एक गोष्ट दाखविली. 60 चे वर्गमूळ 7 हून मोठे. म्हणजे त्याच्या जुन्या मांडणीत लांबी 14 हून अधिक, आणि कर्ण मात्र 13! कर्णापेक्षा मोठी बाजू असणारा आयत कोणी पाहिला आहे काय?

मुले कधी कधी लोकमान्यांचा दाखला देतात. 1856 साली रत्नागिरीस जन्मलेले टिळक शाळेत गणिते वहीत न मांडता तोंडीच सोडवीत, अशी आख्यायिका सांगतात. असेलही. परंतु मनात असलेल्या पायऱ्या कागदावर न लिहिणे वेगळे, आणि मनात नसलेल्या पायऱ्या दुसऱ्याच्या कागदावरून उतरविणे वेगळे. शिवाय आपल्याच जिल्ह्यातील मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे 1899 साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले, ते उत्तरे लिहूनच.

दोष केवळ मुलांचा नाही. स्वच्छ वहीस 'उत्तम' असा शेरा देऊन उतरविण्याची गोडी आम्ही शिक्षकांनीच लाविली. शालान्त परीक्षेत पायऱ्यांस गुण मिळतात, म्हणून आता पायऱ्याही पाठ! भूमितीत तर पक्ष, साध्य व सिद्धता ही शीर्षके सुबक काढून, जे सिद्ध करावयाचे तेच दुसऱ्या ओळीत गृहीत धरलेले आम्ही कितीदा वाचले आहे. प्रश्नपत्रिकेतील 'कृती पूर्ण करा' ह्या चौकटींविषयीही आमचे मत फारसे अनुकूल नाही. बोट धरून चालविलेल्या मुलास वाट ठाऊक झाली असे समजणे भाबडेपणाचे होय.

पालक म्हणतात, "आम्हाला कुठे येतं हे गणित?" येण्याची गरज नाही. वहीतील एका ओळीवर बोट ठेवून एवढेच विचारावे, "ही ओळ वरच्या ओळीतून कशी निघाली?" समजले आहे की नाही ते मुलाच्या चेहऱ्यावरच दिसते. आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील मिरजोळ्यास गवंडीकाम करितात. मुलाने त्यांस वरील उदाहरण वाचून दाखविले तेव्हा ते म्हणाले, "अरे, कोपरा गुण्यात आहे की नाही ते आम्ही असंच बघतो!" एका बाजूवर 3 फूट, दुसरीवर 4, आणि तिरपे 5 भरले की कोन काटकोन. पुस्तकात ज्यास पायथागोरसच्या प्रमेयाचा व्यत्यास म्हणतात तो हाच. त्या रात्री बापलेकांनी टेप घेऊन खळ्याच्या कोपऱ्यापासून 5 आणि 12 फुटांवर खुणा केल्या. तिरपे बरोबर 13 भरले.

ह्या सत्रापासून आम्ही एक नियम केला आहे. गणिताच्या वहीत खोडरबर चालणार नाही. चुकलेली ओळ एका रेघेने कापावी, ती वाचता आली पाहिजे, आणि बाजूस कारण लिहावे. अपुरा गृहपाठ स्वीकारला जाईल, उतरविलेला नाही. पहिल्या आठवड्यात अर्ध्याहून अधिक वह्या अपुऱ्या आल्या. त्या तपासावयास आम्हास रात्री जागावे लागले, आणि बऱ्याच दिवसांनी वह्या वाचाव्याशा वाटल्या.