पेटी उघडली आणि माश्या बिथरल्या

मैत्रिणींनो, लोणची-मुरांब्यांच्या पत्रांच्या ढिगात या वेळी एक पत्र अगदी निराळं निघालं. वाई तालुक्यातल्या एका भगिनीचं. त्यांच्या परसात मधमाश्यांच्या दोन पेट्या आहेत. यजमान नोकरीसाठी मुंबईला, त्यामुळे पेट्यांचं सगळं यांच्याकडेच. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात जांभळाचा मध भरला असेल म्हणून धाकट्या दिरांना मदतीला घेऊन भर दुपारी एक पेटी उघडली. धुराचा डबा हाताशी नव्हता. वरच्या कप्प्यात मध जेमतेमच निघाला, तेव्हा खालच्या कप्प्यातली दोन पोळीही कापून घेतली. दिरांना सात-आठ डंख बसले, एक चौकट हातातून सुटून पेटीतच आपटली. संध्याकाळी वळवाचं आभाळ आलं, म्हणून पेटी उचलून वीसेक पावलांवर पडवीत नेऊन ठेवली.

त्यानंतर चार दिवस माश्यांचं काही ठीक नाही. रात्री पेटीतून कण्हल्यासारखा आवाज येतो. दिवसा ढीगभर माश्या परसात, जिथं पेटी होती तिथल्या रिकाम्या जागेवर घोंगावतात. काहीजणी दाराशी शेपटी वर करून पंख हलवत उभ्या असतात. पायांना पिवळ्या गोळ्या लावून येणाऱ्या माश्या जवळजवळ दिसत नाहीत. आणि पत्राच्या शेवटी खरी गोष्ट: त्या दिवशी त्यांची अडचण होती. सासूबाई म्हणतात, विटाळामुळे लक्ष्मी घरातून निघाली. आता दुसऱ्या पेटीला हात लावायची बंदी. ‘ताई, खरंच माझ्यामुळं झालं का हो?’

नाही, बाई. तुमच्या अडचणीमुळे काहीएक झालेलं नाही. त्यांना मी हे टपालानं ताबडतोब कळवलं. पण हल्ली पुष्कळ घरांतून पेट्या आल्यात. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ साली ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं, तेव्हापासून तर आजूबाजूच्या बायकाही विचारतात. म्हणून इथं जरा सविस्तर लिहिते.

आधी डंखांचं पाहू. माशीनं डंख मारला की तिथं एक वास सुटतो, पिकल्या केळ्यासारखा. तो वास म्हणजे बाकीच्यांना हाक: इथं शत्रू आहे, या. पहिल्या डंखानंतर हात झटकला, की पुढचे सहा आलेच. त्यात भर दुपार, चौकटीचा दणका, अंगाला घाम, कदाचित केसांना वासाचं तेल. एवढ्यावर माश्या बिथरायला विटाळ कशाला हवा? धूर दिला की त्या वासाची हाक झाकली जाते, आणि माश्या घर सोडावं लागेल या भीतीनं पोटात मध भरून घेतात, मग जरा मऊ होतात. धूर नव्हता, एवढंच. पेटीतल्या काम करणाऱ्या सगळ्या माश्या बायकाच असतात, हेही सासूबाईंच्या कानावर घालायला हरकत नाही!

आता जुन्या जागेवर घोंगावणं. माशी घराबाहेर पडायला लागते तेव्हा पहिल्यांदा पेटीकडे तोंड करून हेलकावे घेत जागा मनात पक्की करते. मग ती पेटीचा रंग-बिंग फारसा बघत नाही, जागेवर येते. पेटी वीस पावलं हलवली की परतलेली माशी जुन्याच ठिकाणी घर शोधत बसते. मधपाळांचा जुना ठोकताळा आहे: पेटी हलवायची तर तीन फूट, नाहीतर तीन मैल. जवळच न्यायची असेल तर रोज हात-दीड हात सरकवत न्यावी. मी त्यांना लिहिलं, रात्री माश्या आत गेल्या की पेटी पुन्हा जुन्या जागी न्या, वर पत्रा टाका म्हणजे वळवाची भीती नाही, आणि दारापुढे एक पालेदार फांदी आडवी ठेवा. सकाळी फांदीला अडखळून बाहेर पडणाऱ्या माश्या पुन्हा जागा न्याहाळून घेतात.

शेपटी वर करून उभ्या असलेल्या माश्यांना भिऊ नका. त्यांच्या शेपटीच्या टोकाशी वासाची एक ग्रंथी असते. ती उघडी करून पंखांनी वास पसरवायचा, म्हणजे चुकलेल्या बहिणींना ‘घर इकडे आहे’ अशी हाळी. हे चांगलंच लक्षण.

कण्हल्यासारखा आवाज मात्र मला आवडला नाही. राणी आहे तोवर तिचा वास अंगाअंगावरून साऱ्या पेटीत फिरत असतो. राणी गेली की काही तासांतच माश्यांना कळतं, आणि त्या सैरावैरा धावत लांबलचक घुमत राहतात. पेटीवर बोटानं हलकेच टिचकी मारून पाहा. आपली सातेरी माशी एकदम ‘फुस्स’ करते आणि गप्प होते, तर बहुधा घरात सगळं ठीक. टिचकीनंतर घुमणं चालूच राहिलं, तर राणी नसावी. खालचा कप्पा हा पिल्लांचा असतो, राणीचा वावर तिथंच. पोळ्याबरोबर ती कापली गेली, किंवा चौकट आपटली तेव्हा चिरडली. चूक झाली असेल तर ती इथं झाली. वरच्या कप्प्यात मिळेल तेवढाच मध घ्यावा, खालच्याला हात लावू नये. यात तुमचा नि दिरांचा दोघांचाही सारखाच वाटा आहे, बरं का.

पिवळ्या गोळ्या म्हणजे फुलांचा पराग, पिल्लांचं खाणं. पिल्लं कमी झाली, अंडी थांबली, की पराग आणणंही मंदावतं. म्हणजे तेही त्याच कारणात आलं.

पण राणी गेली म्हणून वसाहत गेली असं नाही. उरलेल्या पोळ्यांत अगदी कोवळ्या अळ्या असतील, तर कामकरी माश्या त्यांतल्या काहींना राजेशाही खुराक घालून राणी घडवतात. पोळ्याच्या मधोमध शिवणकामातल्या टोपणासारखी, खाली लोंबणारी लांबट कोठडी दिसली की समजावं, तयारी सुरू झाली. अंड्यापासून राणी बाहेर पडायला साधारण सोळा दिवस. माश्या अंड्यातून निघालेली अळी घेतात, म्हणून जुनी राणी गेल्यापासून बारा-तेरा दिवसांत नवी निघते. मग तिचं उड्डाण, नरांशी मीलन, आणि अंडी घालायला सुरुवात; त्यात आणखी दहा-बारा दिवस जातात. उड्डाणाला ऊन आणि उघडं आकाश लागतं. म्हणजे एप्रिलच्या २७ ला राणी गेली असेल, तर मेच्या १० च्या सुमारास नवी, आणि २२-२३ पर्यंत अंडी. मृगाचा पाऊस ७ जूनच्या आसपास. तेवढ्यात बसतं, पण फार सैल नाही.

या दिवसांत सगळ्यात अवघड काम म्हणजे काही न करणं. काय चाललंय बघू म्हणून रोज झाकण उघडलं तर आपली सातेरी माशी वैतागून सगळा संसार घेऊन निघून जाते. या जातीला ती खोडच आहे. मी माझ्या पहिल्या पेटीत अशीच आठ दिवसांत चार वेळा डोकावले. पाचव्या वेळी आत रिकामी पोळी आणि मुंग्या. तेव्हा एकदा नवव्या-दहाव्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत, हलका धूर देऊन बघा. कोठड्या दिसल्या की बंद. नंतर थेट २५ मेला.

कोठड्या नसतील तर? तर तुमची दुसरी पेटी कामाला येते. तिच्यातली, अंडी आणि कोवळ्या अळ्या असलेली एक चौकट, माश्या हलकेच झटकून, राणी तिच्यावर नाही ना हे दोनदा पाहून, आजारी पेटीत बसवा. म्हणूनच दुसऱ्या पेटीला हात लावायची बंदी उठवणं फार गरजेचं आहे. तसंही झालं नाही, राणीविना दिवस गेले, तर कामकरी माश्याच अंडी घालू लागतात. एकेका खणात दोन-दोन, तीन-तीन, वेडीवाकडी. त्यांतून निव्वळ नर निपजतात आणि वसाहत म्हातारी होऊन संपते. ती वेळ आली तर संध्याकाळी दोन्ही पेट्यांच्या मध्ये टाचणीनं भोकं पाडलेला वर्तमानपत्राचा कागद घालून वसाहती एकत्र कराव्या लागतात. हे पहिल्यांदा एकट्यानं करू नका. महाबळेश्वरला मध संचालनालय आहे, पुण्याला केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे. जाऊन विचारायला लाजू नये.

मध काढून घेतलाय, तेव्हा खायला द्या. साखर आणि पाणी सारख्या मापानं, विरघळेपर्यंत कोमट करून, थंड झाल्यावर संध्याकाळी पेटीच्या आत ठेवायचं. वाटीत काड्या टाका, नाहीतर माश्या बुडतात. उघड्यावर एक थेंबही सांडू नका. शेजारच्या पेटीच्या माश्यांना वास लागला की लूट सुरू होते, दाराशी कुस्त्या लागतात. अशक्त पेटीचं दार दोन माश्या जातील एवढंच ठेवा, आणि घोडीचे पाय पाण्याच्या वाट्यांत.

काल त्यांचं दुसरं पत्र आलं. पेटी परसात परत गेली, जुन्या जागेवरची गर्दी दोन दिवसांत ओसरली. नवव्या दिवशी मधल्या चौकटीवर तीन टोपणं दिसली, तोंडं बंद केलेली. सासूबाई अजून गप्प आहेत, पण साखरेची बरणी त्यांनीच फळीवरून काढून दिली. वाई भागात रोज चारला आभाळ येतंय म्हणे. त्यांना लिहिलंय, २५ तारखेला सकाळी चौकट उन्हाकडे तिरपी धरा, म्हणजे खणाच्या तळाशी अंडं दिसेल, तांदळाच्या कणीहून बारीक. प्रत्येक खणात एकच आहे ना, ते मोजून कळवा.