किंमत ग्राहकाची, ताबा कंपनीचा

दिवा, पंखा, फ्रीज, दाराचे कुलूप, प्रत्येक वस्तू इंटरनेटला जोडण्याची अहमहमिका उत्पादकांत लागली आहे. भिंतीवरील बटणाने होणारे काम दूरदेशीच्या संगणकाकरवी करवून घेणे हास्यास्पद आहे, हे उघडच आहे. परंतु हा प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा नाही. तो मालकीचा प्रश्न आहे.

घरातील दिवे व उपकरणे एकत्र चालविणारे ‘रिव्हॉल्व्ह’ हे यंत्र अमेरिकेत सुमारे ३०० डॉलर्सना विकले जाई. २०१४ साली ती कंपनी गूगलच्या ‘नेस्ट’ने घेतली आणि मे २०१६ मध्ये यंत्राची सेवा बंद केली. यंत्र मोडले नव्हते, ग्राहकाने पैसे पुरते मोजले होते. तरीही ते निकामी झाले. ‘व्हिझिओ’चे दूरचित्रवाणी संच तर पाहणाऱ्यावरच पाळत ठेवीत होते. सुमारे १ कोटी १० लाख संचांवर काय पाहिले जाते, याची नोंद संमतीवाचून घेऊन ती विकली जात होती. २०१७ साली २२ लाख डॉलर्सवर प्रकरण मिटले. म्हणजे संचामागे अवघे २० सेंट!

धोका एका घरापुरताही राहत नाही. कारखान्यातील ठरावीक पासवर्ड कायम असलेले असंख्य कॅमेरे ‘मिराई’ या घातक प्रोग्रॅमने काबीज केले. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी त्यांच्या माऱ्याने अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे काही तास ठप्प झाली. उत्पादकाने वाचविलेला खर्च समाजाच्या माथी आला.

समाजवादी लोकांची भांडीकुंडी जप्त करतील, असा अपप्रचार वर्षानुवर्षे झाला. प्रत्यक्षात पुरी किंमत वसूल करूनही वस्तूवरचा ताबा न सोडण्याची किमया भांडवलशाहीनेच साधली आहे. जमीनदारीत खंड भरणाऱ्या कुळाची जी अवस्था होती, तीच आज स्वतःच्या घरात ग्राहकाची होत आहे.

विरोध तंत्रज्ञानाला नाही, या नव्या जमीनदारीला आहे. ब्रिटनने एप्रिल २०२४ पासून असे ठरावीक पासवर्ड बेकायदा ठरविले. सुरक्षा-दुरुस्ती किती काळ मिळेल हे सांगणेही बंधनकारक केले. भारतात याहून पुढे गेले पाहिजे. इंटरनेट तुटले तरी वस्तूचे मूळ काम चालले पाहिजे. सेवा बंद करणाऱ्या कंपनीने पैसे परत केले पाहिजेत. संमतीवाचून घरातील माहिती बाहेर जाता कामा नये. हप्त्याहप्त्याने वस्तू घेणाऱ्या श्रमिकाला हा प्रश्न समजावून देणे आणि या मागण्यांमागे त्याला संघटित करणे, हे कार्यकर्त्यांचे काम आहे.