काचेच्या कपाटात कोणते विमान ठेवावे?

मंडळाच्या सभागृहातील काचेच्या कपाटात ग्वाल्हेरच्या हवाई तळाशी नाते सांगणाऱ्या एखाद्या लढाऊ विमानाची प्रतिकृती ठेवावी, असा प्रस्ताव कार्यकारिणीपुढे आहे. प्रस्ताव स्वागतार्ह आहे. महाराजपूरच्या धावपट्टीवरून उडालेल्या विमानाचा गडगडाट विरेपर्यंत रुग्णाच्या छातीवर स्टेथोस्कोप तसाच धरून थांबण्याची सवय आपणांपैकी अनेकांना आहे. मतभेद पुढेच सुरू होतो. बहुसंख्य सभासदांना मिराज-२००० हवे आहे, तेही तयार, धातूचे, चकचकीत. माझे मत वेगळे आहे. कपाटात सप्टेंबर १९६५ मधले हॉकर हंटर असावे आणि ते आपल्या मुलामुलींनी स्वतःच्या हातांनी जोडलेले असावे.

मिराजची थोरवी मला अमान्य नाही. १९८५ मध्ये ही विमाने ग्वाल्हेरला आली. २४ जून १९९९ रोजी टायगर हिलवर लेझरच्या साहाय्याने अचूक बॉम्बफेक झाली, ती मिराजमधूनच. परंतु मिराज पाहण्यासाठी आपल्या मुलांना कपाटापाशी जावे लागत नाही, गच्चीवर गेले तरी पुरते. जे डोक्यावरून जात नाही, ते कपाटात असावे.

मिराज सर्वप्रथम ज्या स्क्वाड्रनला मिळाले ती क्रमांक ७, म्हणजे ‘बॅटल ॲक्सेस’. तिची स्थापना १ डिसेंबर १९४२ ची. मिराजपूर्वी तिने व्हॅम्पायर, हंटर, मिग-२१ अशी जेट विमाने वापरली. १९६५ च्या युद्धात ती हंटर घेऊन पंजाबातील हलवारा तळावर होती. ६ सप्टेंबरला तरणतारणजवळच्या झुंजीत स्क्वाड्रन लीडर ए. के. रॉली यांना वीरमरण आले. त्याच संध्याकाळी पाकिस्तानच्या तीन सेबर विमानांनी हलवाऱ्यावर हल्ला केला. तळाच्या रक्षणासाठी घिरट्या घालणारे फ्लाइंग ऑफिसर पी. एस. पिंगळे आणि ए. आर. गांधी यांची विमाने पडली. दोघेही पॅराशूटने उतरून वाचले. हल्लेखोरांपैकी रफीकी आणि युनूस हुसेन हे वैमानिक मात्र परतू शकले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी सरगोध्याच्या मोहिमेवर गेलेले स्क्वाड्रन लीडर एस. बी. भागवत आणि फ्लाइंग ऑफिसर जे. एस. ब्रार परतले नाहीत. दोन दिवसांत एकाच स्क्वाड्रनची पाच विमाने गेली, तीन वैमानिक गेले.

त्या सकाळी पाकिस्तानच्या एम. एम. आलम यांनी एका मिनिटाच्या आत पाच हंटर पाडले, असा दावा तेव्हापासून सांगितला जातो. भारतीय नोंदींनुसार तेथे गेलेले हंटर तीन: भागवत आणि ब्रार यांची दोन, आणि क्रमांक २७ स्क्वाड्रनच्या कक्कर यांचे एक. कक्कर युद्धकैदी झाले. तीन की पाच, हा वाद अभ्यासकांचा आहे. पण आलम यांच्या सेबरवर उष्णतेचा माग काढणारी साइडवाइंडर क्षेपणास्त्रे होती आणि आपल्या हंटरांकडे हवाई लढतीसाठी केवळ तोफा होत्या, एवढे तरी आपल्या मुलांना ठाऊक असावे. ‘पराभवाच्या दिवसाचे विमान कशाला मांडायचे?’ असे एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले. रुग्णालयात दगावलेल्या रुग्णांच्या केसपेपरवर आपण आढावा बैठक घेतो, तेव्हा हा प्रश्न कोणी विचारत नाही. बरे होऊन घरी गेलेल्यांचेच कागद जपले असते तर आपण काय शिकलो असतो? शिवाय हा निव्वळ पराभव नव्हता. एवढी हानी सोसूनही ही स्क्वाड्रन युद्धातून बाहेर पडली नाही, तिची उड्डाणे चालू राहिली.

आता जोडणीविषयी. तयार विमान विकत आणले की आठवडाभर कौतुक होते, नंतर त्यावर धूळ साचते. जोडायला घेतलेले विमान प्रश्न विचारते. १:४८ प्रमाणातला हंटर जेमतेम २९ सेंटिमीटर लांबीचा होतो, पंखांचा विस्तार २१ सेंटिमीटरच्या आसपास. आपल्या कपाटात तो ऐसपैस मावेल. एअरफिक्स, अकॅडमी यांचे किट मिळतात, पण ते मुख्यतः ब्रिटिश हवाई दलाच्या एफ. ६ या प्रकाराचे. भारताने घेतलेली १६० एकआसनी विमाने एफ. ५६ प्रकारची होती आणि त्यांना ब्रेक-पॅराशूट होते. त्याची पेटी शेपटाखालच्या नळकांड्यावर मुलांना स्वतः घडवावी लागेल. नाकाखाली ३० मिलिमीटरच्या चार एडन तोफांचा एक संच असे. दारूगोळ्यासह तो संच पूर्ण काढून भरलेला दुसरा चढवता येई, म्हणून विमान लवकर पुन्हा उड्डाणास सिद्ध होई. गोळीबारात सुटणाऱ्या पट्ट्याच्या कड्या पोटावर आपटू नयेत म्हणून तोफांखाली दोन फुगीर डबे होते. हे डबे चिकटवताना मुले ‘हे कशाला?’ असे विचारणारच, आणि खरे शिक्षण तेथे सुरू होते. नाकात शिशाचे वजन भरायला विसरले, तर विमान शेपटावर बसते; तेही एकदा घडू द्यावे.

अवजारांची चिंता नको. अकरा नंबरचे ब्लेड, बारीक चिमटे, भिंग हे सारे आपल्या टेबलावर असतेच, आणि निवृत्त शल्यचिकित्सकांचे हातही रिकामे आहेत.

माझा आग्रह आणखी एका बाबतीत आहे. शेपटाजवळ ‘बीए’ अक्षरांनी सुरू होणारा जो क्रमांक लिहायचा, तो त्या काळातील छायाचित्रात दिसणारा असावा. कोणत्या दिवशी कोणी कोणते विमान उडवले याचा पुरावा हाती नसेल, तर कॉकपिटखाली कोणाचेही नाव रंगवू नये. पाडलेल्या विमानांच्या खुणा तर मुळीच नकोत. वरचा रंग गडद हिरवा आणि करडा, खालचा रुपेरी. तोफांच्या तोंडाशी थोडी काजळी चालेल.

कपाटातील पाटीवर विमानाचा प्रकार, स्क्वाड्रनचा क्रमांक, हलवारा आणि सप्टेंबर १९६५ एवढे लिहून त्याखाली रॉली, भागवत आणि ब्रार यांची नावे द्यावीत. हलवाऱ्यावर पडलेल्या दोन पाकिस्तानी वैमानिकांची नावेही असावीत, असे मला वाटते. यावर सभेत आवाज चढतील, याची कल्पना आहे. किटचा खर्च दोन-तीन सभासदांत सहज उचलता येईल आणि काम दिवाळीच्या सुट्टीत सुरू करता येईल. रंग वाळेपर्यंत खिडक्या उघड्या ठेवण्याची परवानगी मात्र वाचनालयाच्या कार्यवाहांकडून आधीच घ्यावी लागेल.