तळेवाडीच्या 15 लाखांत पोरांची शाळा कुठे आहे?

मे 2025 मध्ये भीमगड अभयारण्यातील तळेवाडीच्या 27 कुटुंबांना स्थलांतरासाठी पहिल्या टप्प्याचे धनादेश देण्यात आले. प्रत्येक कुटुंबाला एकूण 15 लाख रुपये, असं हे पॅकेज आहे. चर्चा झाली ती रकमेची आणि अर्थातच वाघ-अस्वलांची. या कुटुंबांबरोबर रानाबाहेर येणारी पोरं कुठल्या शाळेत, कितव्या इयत्तेत आणि कुठल्या भाषेत बसणार, हा प्रश्न मागेच राहिला.

खानापूर तालुक्याची पश्चिम बाजू ज्यांनी पावसाळ्यात पाहिली आहे त्यांना फार सांगायला नको. गवाळी, पास्टोली, कृष्णापूर, आमगाव, देगाव ही गावं आणि रानातले गवळी-धनगरांचे वाडे पावसाळ्यात जगापासून जवळजवळ तुटतात. आजारी माणसाला खांद्यावर घेऊन चिखल तुडवत न्यावं लागतं. आपल्याकडे शाळा सुरू होतात त्या नेमक्या याच तोंडावर, म्हणजे वर्षाची सुरुवातच गैरहजेरीने. मास्तरही माणूसच, ओढ्याला पाणी आलं की तोही अलीकडच्या काठावर थांबतो. मुलींना आणि बायकांना सरकारी बसचा प्रवास 11 जून 2023 पासून मोफत आहे, पण जिथे बसच जात नाही तिथे फुकटच्या तिकिटाचं काय करायचं?

अभयारण्य 2011 मध्ये जाहीर झालं. तेव्हापासून रस्ता, पूल, वीज काहीही मागितलं की वनखात्याच्या परवानगीवर गाडी अडते. वास्तविक 2006 च्या वनहक्क कायद्यात शाळा, अंगणवाडी, रस्ता अशा कामांसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देण्याची तरतूद आहे. अट एवढीच, की हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तुटता कामा नयेत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. अभयारण्यात वन्यजीव कायद्याचा फेरा वेगळा, हे खरं. पण ग्रामसभेचा ठराव हा तरी आपल्या हातातला कागद आहे, आणि तो करून घेण्यासाठी पुढाऱ्यांनी किती पावलं रानात टाकली हे त्यांनीच सांगावं.

समजा, पोरगं बाहेर आलं. शिक्षण हक्क कायदा 2009 चं कलम 4 इथे कामाला येतं. शाळेत कधी न गेलेल्या किंवा मध्येच सुटलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात घ्यायचं, मागे पडलेला अभ्यास भरून काढायला वेगळं प्रशिक्षण द्यायचं, आणि चौदा वर्षं उलटली तरी आठवी पूर्ण होईपर्यंत शिक्षण मोफत. कागदावर उत्तमच आहे. पण त्या वेगळ्या प्रशिक्षणाशिवाय नुसतं बारा वर्षांच्या पोराला सातवीत बसवलं, तर ते मागच्या बाकावर गप्प बसतं आणि गणपतीला घरी गेलं की परत येत नाही. त्याला अक्कल नसते म्हणून नव्हे. चाळीस पोरांच्या वर्गात हात वर करून बोलायची सवयच त्याला नसते, कारण गावच्या शाळेत सगळ्या इयत्ता मिळून पटच मूठभर होता.

खरी पडझड मात्र आठवीनंतर होते. कायद्याचं छत्र तिथे संपतं आणि हायस्कूल दूरच्या गावात. म्हणजे एक तर नातेवाईकांकडे ठेवायचं नाहीतर वसतिगृहात. सरकारी वसतिगृहासाठी जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला लागतो. नाडकचेरीतून आरडी नंबर मिळेपर्यंत बापाच्या चार खेपा होतात, प्रत्येक खेपेला एका दिवसाची मजुरी बुडते. गवळी-धनगरांच्या बाबतीत तर राज्य बदललं की दाखल्याची किंमतही बदलते. महाराष्ट्रात धनगर भटक्या जमातीत आहेत. कर्नाटकात आणि गोव्यात अनुसूचित जमातीची मागणी वर्षानुवर्षं लोंबकळते आहे. एकाच सह्याद्रीच्या तीन अंगांना राहणारी ही माणसं, सोयरिकीसुद्धा आपसातच.

भाषेचं तर विचारूच नका. घरी मराठी, शाळा मराठी, आणि वसतिगृहात पाऊल टाकलं की सूचनाफलकापासून वॉर्डनपर्यंत सगळं कन्नड. कन्नड शिकायला कुणाचा नकार नाही, ती यायलाच हवी. पण घर सुटलेलं, जेवण बदललेलं, त्यात भाषाही परकी, हे सगळं एकाच आठवड्यात पंधरा वर्षांच्या पोरीवर पडतं. मराठी माध्यमातून एसएसएलसी पार केलीच, तर पीयूसीला मराठी हा फक्त एक विषय उरतो, बाकीचं इंग्रजीत नाहीतर कन्नडमध्ये. दहावीला बरे गुण मिळवलेलं पोरगं अकरावीत का गळतं, याचं उत्तर बऱ्याच वेळा इथे सापडतं.

आता तळेवाडीकडे परत येऊ. रोख रक्कम हातात देऊन स्थलांतर करण्यात एक मोठी गोम आहे. कुटुंबं जिथे जागा परवडेल तिथे पांगतात. रानात एकत्र असताना निदान पट दाखवून मराठी शाळा मागता येत होती. पांगल्यावर दोन पोरं एका गावात, तीन दुसऱ्या गावात, मग मागणी कोण करणार? राज्यघटनेचं कलम 350 क भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करायला राज्याला सांगतं, पण सोय मागायला पोरं एका जागी दिसावी लागतात.

म्हणून अभयारण्यातल्या ज्या गावांत पुढे स्थलांतराची बोलणी होतील, तिथे ग्रामसभेच्या ठरावात रकमेच्या खालोखाल चार ओळी शाळेच्या असाव्यात: प्रत्येक मुलाची यादी, कुठल्या शाळेत प्रवेश, माध्यम कुठलं, आणि नववी-दहावीच्या मुलामुलींना वसतिगृहाची जागा. दाखले गाव सोडण्याआधी गावातच कॅम्प लावून द्यावेत.

आणि ज्यांची शाळा आधीच सुटली आहे, हॉटेलात किंवा गोव्याच्या कामांवर जी पोरं गेली आहेत, त्यांच्यासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची दहावी आहे. वय चौदा पूर्ण हवं, मराठी माध्यम मिळतं, आणि पाच वर्षांत नऊ वेळा परीक्षेला बसता येतं. एकेक विषय सोडवत गेलं तरी चालतं. गणेशोत्सवात ही पोरं गावी येतील तेव्हा मंडळांनी मांडवात एक टेबल टाकून फॉर्म भरून घ्यायला हरकत नाही.