माथेरानच्या रिक्षाचा मालक कोण?

माथेरानमधील हातरिक्षा सहा महिन्यांच्या आत बंद कराव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ६ ऑगस्ट २०२५ रोजी दिला. माणसाने माणसाला ओढून न्यावे ही प्रथा स्वातंत्र्यानंतर ७८ वर्षे चालू राहिली, याची खंतही न्यायालयाने व्यक्त केली. परंतु ही प्रथा टिकली ती माथेरानकरांच्या निष्ठुरपणामुळे नव्हे. तिचे मूळ या डोंगराच्या सौंदर्यामागील अर्थकारणात आहे.

१८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट चौकहून हा डोंगर चढून गेले आणि माथेरानच्या ‘शोधा’चे श्रेय त्यांच्या पदरात पडले. डोंगरउतारावरील ठाकर, कातकरी व धनगर यांना मात्र आपला डोंगर हरवल्याचे कधी जाणवले नव्हते! पुढे गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या काळात बंगले उठले. पॅनोरमा, लुईझा, अलेक्झांडर अशी नावे कड्यांना मिळाली. १९०७ साली आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने नेरळहून छोटी गाडी वर नेली. मोटार मात्र दस्तुरीच्या पुढे जाऊ द्यायची नाही, हा दंडक कायम राहिला. २००३ साली केंद्र सरकारने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरविल्यावर त्याला कायद्याचे आणखी बळ आले. दंडक योग्यच आहे. प्रश्न एवढाच की, मोटारीने करावयाचे काम मग कोणी करावयाचे? ते घोड्याने केले, डोक्यावर मोळी आणि भाजी घेऊन चढणाऱ्या बाईने केले, आणि तांबड्या मातीच्या चढावर एकाने पुढून ओढून व इतरांनी मागून लोटून केले. मुंबईकराला मिळणाऱ्या निवांतपणाची किंमत कोठल्याही हॉटेलच्या बिलात दाखविली जात नाही. ती या मजुरांच्या छातीच्या भात्यातून वसूल होते.

रमणीय स्थळांचे हे अर्थकारण माथेरानपुरते नाही. पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांचे नाव घेताच फुलांच्या माळा आणि हुला नृत्य डोळ्यांसमोर येते. परंतु तेथील राणी लिलिउओकलानी हिला साखरेच्या मळ्यांशी हितसंबंध असलेल्या गोऱ्या मंडळींनी १८९३ साली पदच्युत केले आणि १८९८ साली ती बेटे अमेरिकेला जोडली गेली, हे किती प्रवाशांना ठाऊक असते? एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांना जे हुला अशिष्ट वाटले, तेच पुढे हॉटेलांच्या अंगणात शोभेसाठी मांडले गेले. प्रवाशाला स्थळ हवे असते. स्थळाचा इतिहास नको असतो.

माथेरानची लोकप्रिय प्रतिमाही अशीच आहे. चिक्की, चपला, माकडे आणि झुकझुक गाडी यांत ती संपते. याच गावात १९१२ साली नाभिक कुटुंबात जन्मलेले भाई कोतवाल वकील झाले, कर्जत भागातील शेतकऱ्यांसाठी झटले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर ब्रिटिशांच्या गोळीला बळी पडले. त्यांच्यावर २०२० साली चित्रपट निघाला, तरी प्रवाशाच्या माथेरानात त्यांना फारशी जागा नाही. खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीचे नावही गडावर जाणाऱ्या भटक्यांपलीकडे फारसे कोणाला माहीत नव्हते. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली, २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ माणसे बेपत्ताच राहिली, तेव्हा ते राज्याला कळले.

म्हणूनच न्यायालयाच्या आदेशातील दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच ई-रिक्षा मिळावी, गुजरातमधील केवडियाच्या धर्तीवर शासनाने ती खरेदी करून त्यांना भाड्याने द्यावी, आणि निधी नसल्याची सबब सांगू नये, असे न्यायालय म्हणते. येथे १९८० सालचा अमृतसरच्या सायकलरिक्षावाल्यांचा खटला आठवणे भाग आहे. रिक्षा चालवील त्याच्याच नावे परवाना, असा पंजाबचा कायदा होता. पण चालविणाऱ्याजवळ रिक्षा विकत घ्यायला पैसा नव्हता. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी कायदा रद्द न करता बँकेच्या कर्जातून ओढणाऱ्यालाच मालक करण्याची योजना आखली. तेव्हा मालकीचा विचार झाला होता, आता भाड्याचा आहे.

भाड्याची पद्धत सर्वस्वी वाईट नाही. बॅटरी महाग असते आणि तिच्या बिघाडाचा भार हातावर पोट असणाऱ्याला झेपणारा नाही. तो शासनाने उचलणेच रास्त. पण अनेक वर्षे भाडे भरूनही वाहन परक्याचेच राहणार असेल, तर जुन्या हातरिक्षेच्या मालकाची जागा केवळ सरकारी खात्याने घेतली असे होईल. ठरावीक काळानंतर भाड्याचे रूपांतर मालकीत व्हावे, ही अट करारनाम्यातच हवी. आणखी एक व्यावहारिक बाब आहे. जूनच्या मध्याला नेरळहून वर येणारी गाडी बंद होते, मुसळधार पावसात बाजार ओस पडतो आणि ती ऑक्टोबरातच पुन्हा सुरू होते. हप्ता बाराही महिने सारखाच ठेवला, तर त्या चार महिन्यांत रिक्षावाल्याला सावकाराच्या दारी जावे लागेल, आणि दिवाळीच्या गर्दीत त्याने मिळवलेला पैसा आधी त्याच दारी पोहोचेल.