विश्लेषण : नैराश्याच्या औषधाला सांधेदुखीच्या गोळीची जोड? बायपोलर रुग्णांबाबत संशोधन काय सांगते…

मनोरुग्णांच्या उपचारात कर्जतचे नाव देशभर पोहोचले ते वेणगाव येथील श्रद्धा संस्थेच्या पुनर्वसन केंद्रामुळे. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोहोचवण्याच्या कामासाठी डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मात्र जे रुग्ण घरीच आहेत, नियमित औषधे घेत आहेत आणि तरीही ज्यांची उदासी हटत नाही, त्यांच्या कुटुंबांपुढचा प्रश्न वेगळा आहे. अशा रुग्णांना नैराश्याच्या औषधासोबत सांधेदुखीवरची, म्हणजेच दाह कमी करणारी गोळी दिली तर फरक पडतो का, याचा शोध जगभरात सुरू आहे. त्याचे निष्कर्ष काय आहेत आणि कर्जत-खालापूरच्या रुग्णांनी त्यातून काय घ्यावे?

बायपोलर नैराश्य वेगळे का?

बायपोलर आजारात रुग्णाचे मन दोन टोकांना जाते. एका टोकाला उन्माद असतो. झोप कमी होते, बोलणे वाढते, उधळपट्टी होते, आपण काहीही करू शकतो असे वाटते. दुसऱ्या टोकाला खोल नैराश्य असते. उन्माद शेजाऱ्यापाजाऱ्यांना लगेच दिसतो, त्यामुळे आजाराची ओळख त्यावरूनच होते. प्रत्यक्षात रुग्णाचा अधिक काळ नैराश्यात जातो. बायपोलर-१ प्रकारच्या १४६ रुग्णांवर सुमारे १३ वर्षे लक्ष ठेवणारा एक अमेरिकी अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रुग्ण सरासरी ३२ टक्के आठवडे नैराश्याच्या लक्षणांत, तर सुमारे ९ टक्के आठवडे उन्मादाच्या लक्षणांत असल्याचे आढळले.

उपचाराची अडचण इथूनच सुरू होते. साध्या नैराश्यात दिली जाणारी औषधे बायपोलर रुग्णाला एकटी दिली तर काहींचे मन थेट उन्मादाकडे झुकू शकते. म्हणून लिथियम, व्हॅल्प्रोएट यांसारखी मनःस्थिती स्थिर ठेवणारी औषधे हा उपचाराचा पाया मानला जातो. त्याच्या जोडीला नैराश्याचे औषध देऊन तरी किती उपयोग होतो? अमेरिकेतील ३६६ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष २००७ मध्ये आले. नैराश्याचे औषध घेणाऱ्यांपैकी २३.५ टक्के, तर औषधविरहित गोळी (प्लासिबो) घेणाऱ्यांपैकी २७.३ टक्के रुग्ण टिकाऊपणे बरे झाले. म्हणजे त्या औषधाने भर घातलीच नाही. त्यामुळे वेगळ्या मार्गाने काम करणारे औषध शोधण्याची गरज निर्माण झाली.

नैराश्याचा आणि दाहाचा संबंध काय?

जखम किंवा संसर्ग झाला की शरीराची प्रतिकारयंत्रणा जागी होते. सूज येते, ताप येतो, अंग दुखते. याला दाह म्हणतात. या वेळी पेशी सायटोकाइन नावाचे निरोप्या रेणू सोडतात. त्यांचा परिणाम मेंदूवरही होतो. तापात भूक जाते, कुणाशी बोलावेसे वाटत नाही, पडून राहावेसे वाटते, हा अनुभव सर्वांचाच आहे. नैराश्याची अनेक लक्षणे याच्याशी मिळतीजुळती आहेत.

याचा ठोस पुरावा हिपॅटायटिस-सीच्या रुग्णांत मिळाला. त्यांना पूर्वी इंटरफेरॉन नावाचे, प्रतिकारयंत्रणेला चेतवणारे औषध दिले जाई. ते घेताना अनेकांना नैराश्य आले. बायपोलर रुग्णांच्या रक्तातही सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन (सीआरपी) आणि काही सायटोकाइनचे प्रमाण सरासरीने वाढलेले दिसते. सायटोकाइन वाढले की सेरोटोनिन तयार करण्यासाठी लागणारे ट्रिप्टोफॅन दुसऱ्याच रासायनिक वाटेला वळते, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. मग प्रश्न असा की दाह कमी केला तर नैराश्याच्या औषधाला वाट मोकळी होईल का?

शिकागोच्या चाचणीत काय आढळले?

शिकागोच्या लोयोला विद्यापीठातील संशोधकांनी नेहमीच्या उपचारांना दाद न देणाऱ्या बायपोलर नैराश्याच्या रुग्णांवर चाचणी घेतली. सर्वांना एस्सिटालोप्राम हे नैराश्याचे औषध देण्यात आले. एका गटाला त्यासोबत सेलेकॉक्सिब, तर दुसऱ्याला तशीच दिसणारी प्लासिबो गोळी मिळाली. सेलेकॉक्सिब ही सांधेदुखीत दिली जाणारी गोळी आहे. दाह वाढवणारे प्रोस्टाग्लँडिन तयार करणारे कॉक्स-२ हे विकर ती रोखते.

आठ आठवड्यांनी सेलेकॉक्सिब घेतलेल्या गटात ७८ टक्के, तर प्लासिबो गटात ४५ टक्के रुग्णांत लक्षणीय सुधारणा दिसली. लक्षणे जवळपास पूर्ण गेलेल्यांचे प्रमाण ६३ टक्के आणि १० टक्के असे होते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेले हे आकडे मानसोपचारात क्वचित दिसतात, म्हणूनच त्यांची चर्चा झाली.

पाकिस्तानातील मोठ्या चाचणीचा निष्कर्ष उलटा का?

त्याच वर्षी ‘लॅन्सेट सायकिॲट्री’ या नियतकालिकात पाकिस्तानातील चाचणीचे निष्कर्ष आले. तिथे अनेक केंद्रांतील २६६ बायपोलर नैराश्याच्या रुग्णांची चार गटांत विभागणी झाली. एका गटाला सेलेकॉक्सिब, एकाला मिनोसायक्लिन हे दाह कमी करणारे प्रतिजैविक, एकाला दोन्ही आणि एकाला फक्त प्लासिबो. सर्वांचे नेहमीचे उपचार सुरूच होते. बारा आठवड्यांनी कोणत्याही औषधाने प्लासिबोपेक्षा अधिक फायदा झाल्याचा पुरावा मिळाला नाही.

दोन्ही चाचण्यांत सेलेकॉक्सिब होते, पण त्या एकसारख्या नव्हत्या. शिकागोत सर्वांना नैराश्याचे एकच औषध नव्याने सुरू केले होते. पाकिस्तानात मूळ उपचार रुग्णागणिक वेगळे होते. शिकागोचे रुग्ण उपचारांना दाद न देणारे म्हणून निवडलेले होते. सर्वात महत्त्वाचा फरक संख्येचा. शिकागोच्या विश्लेषणात जेमतेम ४७ रुग्ण होते. इतक्या लहान गटात चार-पाच रुग्ण इकडचे तिकडे झाले तरी टक्केवारी मोठी हलते. त्यामुळे लहान चाचणीतील मोठा परिणाम मोठ्या चाचणीत आक्रसणे हे वैद्यकीय संशोधनात नेहमी घडते.

मग हा मार्ग बंद झाला का?

पूर्ण बंद झालेला नाही. आठ चाचण्यांतील ३१२ रुग्णांची माहिती एकत्र करणाऱ्या २०१६ च्या विश्लेषणात दाहशामक उपचारांचा मध्यम परिणाम दिसला होता. मात्र त्यात वेदनाशामकांपासून ओमेगा-३ पर्यंत अगदी वेगवेगळे पदार्थ एकाच मोजपट्टीत होते.

अधिक उपयोगी धागा दुसऱ्या औषधातून मिळाला. इन्फ्लिक्सिमॅब हे संधिवातावरचे इंजेक्शन उपचारांना दाद न देणाऱ्या नैराश्याच्या ६० रुग्णांवर वापरून पाहिले गेले. २०१३ च्या निष्कर्षांत एकूण गटाला फायदा झाला नाही, पण ज्यांचे सीआरपी लिटरला ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त होते त्यांच्यात सुधारणेचा कल दिसला. ज्यांचे कमी होते त्यांना प्लासिबोच बरी ठरली. २०१९ मध्ये बायपोलर नैराश्याच्या ६० रुग्णांवरही हेच औषध वापरले गेले. या रुग्णांत दाहाची चिन्हे होती, तरी एकूण गटाला फायदा झाला नाही. बालपणी शारीरिक छळ झालेल्या रुग्णांत मात्र सुधारणा दिसली. म्हणजे अशा औषधाचा उपयोग सर्वांना होईल, हे गृहीतकच टिकलेले नाही. कोणाला होईल हे आधी ओळखता येते का, हा आता संशोधनाचा विषय आहे. तोवर सेलेकॉक्सिब हा बायपोलर नैराश्यावरचा प्रस्थापित उपचार ठरत नाही.

लिथियम आणि अंगदुखीची गोळी : धोका कोणता?

अशा बातम्या वाचून कुणी स्वतःच गोळी सुरू केली, तर खरा धोका इथे आहे. लिथियम हे बायपोलर आजारावरचे जुने, स्वस्त आणि परिणामकारक औषध आहे, पण त्याचा उपयुक्त डोस आणि विषारी डोस यांत अंतर फार थोडे असते. रक्तातील पातळी साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रतिलिटर असावी लागते, १.५ च्या पुढे विषबाधेची लक्षणे दिसू लागतात.

शरीरातील लिथियम मूत्रपिंडांतून बाहेर पडते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामकांमुळे मूत्रपिंडातील प्रोस्टाग्लँडिन कमी होते आणि लिथियम शरीरात साचते. सेलेकॉक्सिबही याला अपवाद नाही. दिवसातून दोनदा २०० मिलिग्रॅम घेतल्यास लिथियमची पातळी सरासरी १७ टक्क्यांनी वाढल्याची नोंद या औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकात आहे. वेदनाशामकांचा हृदय, जठर आणि मूत्रपिंडांना होणारा त्रास वेगळाच. सेलेकॉक्सिबच्याच गटातील रोफेकॉक्सिब हे औषध हृदयविकाराच्या धोक्यामुळे २००४ मध्ये बाजारातून मागे घ्यावे लागले होते.

कर्जत-खालापूरमध्ये हा विषय पुस्तकी नाही. जुलैमध्ये भात लावणी सुरू झाली की दिवसभर चिखलात वाकून कंबर धरते आणि दुकानातून अंगदुखीची गोळी आणली जाते. खोपोली, रसायनीच्या कारखान्यांत पाळीत काम करणारे आणि कर्जतहून रोज लोकलने मुंबई गाठणारेही पाठदुखीवर हाच उपाय करतात. एप्रिल-मेच्या उकाड्यात घाम जातो, कधी जुलाब होतात, कधी निर्जळी उपवास असतो. शरीरातील पाणी आणि मीठ कमी झाले की मूत्रपिंडे लिथियम धरून ठेवतात. त्यावर वेदनाशामकाची भर पडली तर पातळी वेगाने चढू शकते. रक्तदाबाची काही औषधेही असाच परिणाम करतात.

हात जास्त थरथरणे, उलट्या, जुलाब, तोल जाणे, जीभ जड होणे, गुंगी ही विषबाधेची लक्षणे आहेत. ती दिसली तर लिथियमचा पुढचा डोस न देता रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे आणि तो लिथियम घेतो हे डॉक्टरांना आधी सांगावे.

रुग्ण आणि कुटुंबीयांनी काय करावे?

पहिली गोष्ट, दुखण्यासाठी कोणतीही गोळी घेण्याआधी मनोविकारतज्ज्ञांची चिठ्ठी फॅमिली डॉक्टर आणि औषध दुकानदार दोघांनाही दाखवावी. पॅरासिटामॉलमुळे लिथियमची पातळी सहसा वाढत नाही, तरीही विचारूनच घ्यावी. सेलेकॉक्सिब आणि डायक्लोफेनॅक ही कायद्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायची औषधे आहेत. दुसरी, लिथियमची पातळी, मूत्रपिंडे आणि थायरॉइडच्या तपासण्या ठरलेल्या वेळी कराव्यात. तिसरी, बरे वाटले म्हणून औषध अचानक बंद करू नये; आजार उलटण्याचा धोका वाढतो. चौथी, झोपेची वेळ सांभाळावी. अपुरी झोप उन्मादाला निमंत्रण देऊ शकते, त्यामुळे रात्रपाळी असलेल्यांनी हे डॉक्टरांना सांगणे गरजेचे आहे.

उदासी हटतच नसेल तर डॉक्टरांना विचारण्यासारखे बरेच आहे. निदान बरोबर आहे का, लिथियमची पातळी पुरेशी आहे का, थायरॉइडचा त्रास आहे का, क्वेटियापिनसारखे बायपोलर नैराश्यात सिद्ध झालेले औषध चालेल का, हे प्रश्न दाहशामक गोळीच्या आधीचे आहेत.

उपचार कुठे मिळतात?

बेंगळूरुच्या निमहान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार बायपोलर आजाराच्या सुमारे ७० टक्के रुग्णांना उपचारच मिळत नव्हते. हे सर्वेक्षण १२ राज्यांत झाले. महाराष्ट्र त्यात नव्हता. डोंगरपट्ट्यातील वाड्यांसाठी अंतर हीच मोठी अडचण आहे. जिल्ह्याचे मुख्य रुग्णालय अलिबागला, म्हणजे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला किनाऱ्यावर आहे. त्या मानाने ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय कर्जत आणि खोपोलीहून रेल्वेने सोयीचे पडते. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असून ती मराठीतही बोलते. आत्महत्येचे विचार बोलून दाखवणाऱ्या रुग्णाला एकटे न सोडता याच क्रमांकावर किंवा जवळच्या रुग्णालयात तातडीने संपर्क साधावा.

दाहशामक औषधांचे संशोधन पुढे जाईल आणि काही रुग्णांना त्याचा लाभही होईल. पण आज ज्या रुग्णाचे घर लिथियमच्या एका गोळीवर सावरलेले आहे, त्याच्यासाठी दुकानातून आणलेली अंगदुखीची गोळी हा प्रयोग महागात पडू शकतो.