सोंदूर नुसता दोर नव्हे

सोंदूर म्हणजे विहिरीतून पाणी उपसायच्या मोटेच्या सोंडेला बांधायचा बारीक दोर. काही भागांत त्यालाच सोल म्हणतात. कोशातला हा अर्थ बरोबर आहे, पण त्याने फारसे काही कळत नाही. मोटेच्या तोंडाचा जाड नाडा वरच्या चाकावरून जाई, सोंदूर खाली थारोळ्याच्या, म्हणजे मोटेचे पाणी पडायच्या कुंडाच्या, काठच्या कण्यावरून, आणि दोन्ही बैलांच्या जुवाला बांधलेले असत. बैल धावेच्या उतारावरून खाली जाऊ लागले की दोन्ही दोर एकदम ओढले जात. सोंदूर नाड्याहून आखूड, म्हणून मोट वर येताना सोंड दुमडून उभी राही आणि पाणी सांडत नसे. मोट काठाशी आली की नाडा तिला आणखी वर नेई, सोंदूर मात्र सोंडेला थारोळ्यात ओढी आणि पाणी आपोआप ओतले जाई. मोट रिकामी करायला दुसरा माणूस लागत नसे. सोंदूर हातभर लांब पडला तर सोंड लोंबून पाणी पुन्हा विहिरीतच. म्हणजे सारी करामत दोन दोरांच्या लांबीतल्या फरकात होती, आणि कोशातली नोंद नेमकी तीच गाळते.

मोटच गेली, आता शब्द कशाला, असे कोणी म्हणेल. आज विजेचे पंप आहेत, दोर नायलॉनचा मिळतो, हे खरेच. पण जुन्या महसुली दप्तरातली मोटेवर भिजणारी मोटस्थळ जमीन, पडीक विहिरीवरचे थारोळे किंवा संत सावता माळ्यांच्या अभंगातला नाडा या यंत्रणेशिवाय अर्धवटच समजतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हे दोर वळण्याचे काम गावगाड्यात मांग समाजाकडे होते, बलुत्याच्या बदल्यात आणि अस्पृश्यतेच्या जाचाखाली. मग त्या शब्दांचे कौतुक म्हणजे त्या व्यवस्थेचे कौतुक नव्हे काय? गाव हिरवागार रंगवून दाखवणाऱ्या लेखनाला हा आक्षेप चपखल लागू पडतो. त्यावर उपाय मात्र शब्द टाकून देणे हा नाही. दोराचा वाख कोणी सोलला, पीळ कोणी भरला आणि सुगीला पदरात काय पडले, हे सोंदुराच्या नोंदीतच यायला हवे. नुसते ‘मोटेचा दोर’ लिहिले की वस्तू उरते, वळणारा हात पुसला जातो. २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला. त्यानिमित्त कोशकार्याला पैसा मिळणार असेल, तर पहिली नोंदवही दोर वळणाऱ्या घरांतल्या म्हाताऱ्यांसमोर उघडावी, आणि त्यांना त्या वेळेचा मोबदलाही द्यावा.